नकाशातले शहर आणि शहरातली माणसे : नसूहच्या बगदादपासून संगणकीय युद्धनकाशांपर्यंत

मराठीत 'नकाशा' हा शब्द फारसी-उर्दूमार्गे आला. त्याचे मूळ अरबी 'नक्श' या शब्दात आहे. नक्श म्हणजे कोरणे, रंगवणे, उमटवणे. नक्षी, नक्षीदार, नक्काशी ही सर्व त्याच घराण्यातली मंडळी होत. याचा अर्थ, नकाशा हा मुळात चित्राचा भाऊबंद आहे, हिशेबाचा नव्हे. लष्कराच्या हाती गेल्यावर मात्र त्याने हळूहळू चित्राची संगत सोडली आणि हिशेबाची धरली. आज 'भू-अवकाशीय विश्लेषण' या काहीशा अवजड नावाने जे शास्त्र ओळखले जाते, त्याच्या एका शाखेत शहर म्हणजे अंकांचा संच असतो. प्रत्येक इमारतीला क्रमांक, उंची, अक्षांश-रेखांश आणि प्रत्येक गल्लीला रुंदी असते. या अंकांवरून फौज कोठून शिरेल, कोठे अडेल आणि कोणत्या छपरावरून कोण कोणाला दिसेल, हे संगणक सांगतो.

हा प्रवास कसा घडला याचा विचार करताना अभ्यासकांची दृष्टी बहुधा अमेरिकेतील प्रयोगशाळांकडे वळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. शहरांचे लष्करी मापन ही फार जुनी गोष्ट आहे. ज्या शहरांवर ही साधने घासूनपुसून तयार झाली, त्यांतील बरीचशी लखनौ, दिल्ली, अल्जीयर्स, बगदाद, फलूजा, मोसूल अशी पूर्वेकडची, मोहल्ल्यांची आणि अरुंद गल्ल्यांची शहरे आहेत. त्यांपैकी बगदाद येथे मुख्य धरले आहे, कारण या एका शहराचे फौजी नकाशे जवळजवळ पाच शतके काढले जात आहेत.

माणसे नसलेले चित्र

उस्मानी सुलतान सुलेमान याने 1533 ते 1536 या काळात इराक व इराणवर मोहीम केली आणि 1534 च्या अखेरीस बगदाद घेतले. या मोहिमेबरोबर नसूह नावाचा एक विलक्षण गृहस्थ होता. मूळचा बोस्नियाचा. गणितावर त्याने ग्रंथ लिहिला होता, तलवारबाजीत तो निष्णात होता, आणि 'मतराक' नावाचा लाकडी दांड्यांचा एक युद्धखेळ त्याने रूढ केला म्हणून त्याला 'मतराकी नसूह' असेच नाव पडले. या मोहिमेतील मुक्कामांचे वर्णन त्याने 1537 साली पूर्ण केले. ग्रंथाच्या नावातच 'मनाझिल' म्हणजे मंझिला, मुक्काम, हा शब्द आहे. इस्तंबूलहून निघून तबरीझ, बगदाद आणि परत, या वाटेवरील गावांची व शहरांची शंभराहून अधिक चित्रे त्यात आहेत. हस्तलिखित आज इस्तंबूल विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे.

त्यातले बगदाद पाहण्यासारखे आहे. मधून वाहणारी दजला, तिच्यावरचा होड्यांचा पूल, तट, बुरूज, दर्गे, घुमट हे सर्व आहे. प्रमाण मात्र आजच्या अर्थाने नाही. महत्त्वाची वास्तू मोठी, बाकीच्या लहान. काही घरे समोरून पाहिल्यासारखी, तर नदी वरून पाहिल्यासारखी. एका कागदावर दोन-तीन नजरा एकत्र नांदतात. पण अभ्यासकांचे लक्ष सर्वांत जास्त वेधले ते दुसऱ्याच एका गोष्टीने. या नगरचित्रांत माणूस नाही. झाडे आहेत, पशुपक्षीही दिसतात, पण रस्ते आणि अंगणे निर्मनुष्य आहेत. हिरात-तबरीझच्या चित्रपरंपरेत दरबार, शिकार, रणांगण माणसांनी गजबजलेले असते. त्याच काळात नसूह मात्र रिकामी शहरे रंगवीत होता. त्यामागे कोणता सिद्धान्त होता असे मानण्याचे कारण नाही. फौजेच्या वाटेवरचा मुक्काम म्हणून शहराकडे पाहिले की त्याचे तट, पाणी, पूल आणि वेशी आधी दिसतात, एवढेच म्हणता येते. पुढच्या पाचशे वर्षांतील लष्करी नकाशांनी ही सवय सोडली नाही.

नसूहनंतर बगदादचा आराखडा काढणाऱ्यांत कार्स्टन नीबूर याचे नाव घ्यावे लागते. डेन्मार्कच्या राजाने अरबस्तानात पाठवलेल्या अभ्यास-मोहिमेतला हा एकटाच जिवंत परतला. 1763-64 मध्ये तो मुंबईत होता, घारापुरीच्या लेण्यांची मोजमापेही त्याने घेतली, आणि मस्कत-बसरामार्गे 1766 साली बगदादला पोहोचून त्याने त्या शहराचा आराखडा तयार केला. नीबूर फौजी नव्हता. पण मोजलेले अंतर आणि होकायंत्राची दिशा यांवर उभा असलेला बगदादचा आराखडा युरोपने प्रथम त्याच्याकडून पाहिला असे म्हणण्यास हरकत नाही.

यानंतरचा महत्त्वाचा नकाशा थेट मुंबईशी जोडलेला आहे. हिंदी नौदलाचे कमांडर जेम्स फेलिक्स जोन्स यांनी कॉलिंगवूड या सहकाऱ्याबरोबर 1853-54 मध्ये बगदादच्या तटाच्या आतील भागाचे मापन केले. जोन्स यांचे दजलेचे सर्वेक्षण आणि बगदाद प्रांतावरील टिपणे मुंबई सरकारच्या दप्तरातील निवडक कागदपत्रांच्या मालेत, 1857 साली मुंबईतच छापली गेली. मुंबई, बुशहर आणि बगदाद ही त्या काळी एकाच सरकारी धाग्यात ओवलेली होती. जोन्स पुढे बुशहरला राजकीय प्रतिनिधी झाले. 1856 च्या डिसेंबरात इंग्रजांनी ते बंदर इराणकडून घेतले, आणि त्या मोहिमेचे नेतृत्व करण्यासाठी जनरल जेम्स औट्रम मुंबईहून गेले. औट्रम हे नाव खानदेश, सातारा आणि बडोदे येथील वाचकांना नवे नाही. बडोद्याच्या दरबारी ते रेसिडेंट होते. इराणशी तह होताच ते परतले, आणि 1857 च्या सप्टेंबरात लखनौच्या गल्ल्यांत लढत होते. शहरात शिरलेल्या फौजेला गल्ली काय करू शकते, याचा इंग्रजांना मिळालेला सर्वांत महागडा धडा तो होता.

लखनौ, दिल्ली : नकाशाप्रमाणे शहर

लखनौ मार्च 1858 मध्ये इंग्रजांच्या हाती आले. त्याच महिन्यात बंगाल इंजिनिअर्सचे रॉबर्ट नेपियर यांनी शहराच्या लष्करी ताब्यासंबंधी एक टिपण सादर केले. नेपियर यांची मांडणी सरळ होती. एवढे मोठे आणि दाट शहर थोड्या फौजेने ताब्यात ठेवायचे, तर त्यातून रुंद रस्ते आरपार काढले पाहिजेत. मच्छी भवनासारख्या मजबूत ठिकाणांभोवती मोकळे मैदान पाहिजे. आणि फौजेला शहराच्या कोणत्याही भागात विनाअडथळा जाता आले पाहिजे. त्यानुसार रेषा आखल्या गेल्या आणि रेषेत जे आले ते पाडले गेले. लखनौच्या या काळाचा पायाभूत अभ्यास करणाऱ्या वीणा तलवार ओल्डेनबर्ग यांच्या मते शहराचा सुमारे दोन पंचमांश भाग या पाडापाडीत गेला. आसफी इमामबाडा तर बरीच वर्षे फौजेच्याच वापरात होता.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. नसूहने शहर होते तसे, निदान त्याला दिसले तसे, रंगवले. नेपियर यांनी आधी नकाशा आखला आणि मग शहर त्या नकाशासारखे केले. जे शहर समजून घेणे अवघड, ते समजण्याजोगे होईपर्यंत तोडायचे, हा मार्ग होता. दिल्लीतही लाल किल्ल्याभोवतीचा पट्टा असाच मोकळा करण्यात आला आणि त्यात अकबराबादी मशीद नाहीशी झाली. मिर्झा गालिब यांची त्या वर्षांतील पत्रे ज्यांनी वाचली आहेत, त्यांना जामा मशिदीपासून राजघाटाच्या वेशीपर्यंतच्या उजाड जागेचे वर्णन आठवेल. पत्रे साधी, मित्रांना लिहिलेली, अधूनमधून थट्टेची. पण कोणता कूचा गेला, कोणाची हवेली गेली, कोणत्या विहिरीचे पाणी खारट झाले, याची त्यांत नोंद आहे. लष्करी नकाशावर 'मोकळी जागा' असे जे लिहिले जाते, त्याची दुसरी बाजू उर्दू गद्यात अशी शिल्लक राहिली. दिल्लीच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी या पत्रांचा भूगोलाचे साधन म्हणून जितका करावा तितका उपयोग अजून केलेला नाही.

पहिल्या महायुद्धात फौजी नकाशाला हवेतली नजर मिळाली. कुतच्या वेढ्यात, डिसेंबर 1915 ते एप्रिल 1916 या काळात, 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी अडकून पडल्या होत्या. या पलटणींचा वारसा सांगणाऱ्या रेजिमेंटचे केंद्र आज बेळगावात आहे. त्या मोहिमेच्या आरंभी इंग्रजांपाशी इराकचे चांगले नकाशे नव्हते. पुढे भारतीय सर्वेक्षण विभागाच्या तुकड्या गेल्या, विमानातून छायाचित्रे घेऊन त्यांवरून नकाशे होऊ लागले, आणि 11 मार्च 1917 रोजी फौज बगदादमध्ये शिरली. जाता जाता सांगण्याजोगे हे की, याच कामात बीझली या इंजिनिअर अधिकाऱ्याला समर्राजवळ हवेतून एका गाडलेल्या शहराच्या रेषा दिसल्या. जमिनीवर उभे राहिले तर केवळ ढिगारे. वरून पाहिले तर अब्बासी राजधानीचे रस्ते आणि कालवे. शत्रूचे खंदक शोधणाऱ्या साधनाने एक बुडालेला इतिहास वर काढला.

क्रमांक घातलेला मोहल्ला

रस्ता रुंद करून शहर ताब्यात ठेवण्याची रीत विसाव्या शतकात पुरेशी राहिली नाही. अल्जीयर्समध्ये फ्रेंचांनी 1830 नंतर कसबाचा खालचा भाग पाडून चौक केला होताच. तरी 1957 साली कसबा त्यांच्या हातून निसटत होता. त्या वर्षीच्या जानेवारीत शहराचा बंदोबस्त जनरल मास्यू यांच्या छत्रीधारी डिव्हिजनकडे सोपवण्यात आला. तिच्यातील कर्नल रोजे त्रँकिए यांनी जी व्यवस्था बसवली ती या इतिहासातला एक टप्पाच मानावी लागेल. शहराचे विभाग, विभागाचे उपविभाग, उपविभागाचे घरांचे पुंजके, पुंजक्यातली घरे, अशी उतरंड लावून प्रत्येकाला अक्षर किंवा आकडा देण्यात आला. घराघरांवर खुणा रंगवल्या. प्रत्येक पुंजक्यासाठी एक रहिवासी जबाबदार. घरात कोण राहते, कोण नवीन आले, कोण रात्री नव्हते, याची कार्डे. म्हणजे नकाशाच्या प्रत्येक चौकोनामागे माहितीचा एक कप्पा उभा राहिला. संगणकीय भौगोलिक माहिती प्रणालीत चित्र आणि तक्ता एकमेकांना जोडलेले असतात. अल्जीयर्समध्ये तेच काम रंग, पुठ्ठा आणि छळाच्या कोठड्या यांच्या जोरावर चालले. कोठड्यांचा उल्लेख टाळून या पद्धतीची स्तुती करणारे लेखन पाश्चात्त्य लष्करी नियतकालिकांत पुष्कळ आढळते. ते अपुरेच नव्हे तर दिशाभूल करणारे आहे, कारण कार्डांवरची माहिती त्या कोठड्यांतूनही येत होती. त्रँकिए यांनी 1961 साली या अनुभवावर पुस्तक लिहिले आणि त्यात यातनांचे समर्थनही केले.

शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत संघाच्या लष्करी मुख्यालयाने जगभरातील असंख्य शहरांचे 1:10,000 आणि 1:25,000 प्रमाणाचे आराखडे गुप्तपणे तयार केले. महत्त्वाच्या इमारतींना क्रमांक, त्यांच्या प्रकाराप्रमाणे निरनिराळे रंग, पुलांची लांबी-रुंदी आणि भार पेलण्याची क्षमता अशी माहिती त्यांत असे. तरीही 1994 च्या डिसेंबरात रशियन फौज ग्रोझ्नीत शिरली तेव्हा पुढच्या तुकड्यांच्या हाती मोठ्या प्रमाणाचे नकाशे नव्हते. परक्यांची शहरे नकाशात होती, आणि आपल्याच देशातल्या शहरात रणगाडे वाट चुकून जळत होते.

संगणकाचे तीस मीटर

संगणकीय साधनांचा आरंभ युद्धाच्या हेतूने झाला असा समज आहे, तो सर्वस्वी खरा नाही. अमेरिकी सैन्याच्या बांधकाम-अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेने इलिनॉय राज्यात 1982 च्या सुमारास 'ग्रास' ही प्रणाली विकसित करायला घेतली. हेतू होता छावण्यांच्या जमिनीची निगा. सरावाने माती किती झिजते, झाडी कोठे राखावी, गोळीबाराचे मैदान कोठे असावे, असे प्रश्न होते. जमिनीचे लहान चौकोन पाडून प्रत्येकात एक अंक ठेवायचा आणि त्या अंकांवर गणित करायचे, ही तिची रीत. पुढे सैन्याने तिच्यातून अंग काढले, विद्यापीठांनी ती उचलली, आणि आज ती कोणालाही मोफत मिळते. भारतातही पाणलोट क्षेत्राचा अभ्यास करणारे विद्यार्थी तिचा वापर करतात.

पण मोकळ्या माळावर चालणारी ही रीत शहराच्या वेशीवर अडखळली. कारण साध्या हिशेबाने समजते. फेब्रुवारी 2000 मध्ये अमेरिकी अंतराळयानाने अकरा दिवसांत पृथ्वीवरील सुमारे ऐंशी टक्के जमिनीची उंची रडारने मोजली. तिचा बारीक चौकोन तीस मीटरचा होता; अमेरिकेबाहेरच्या प्रदेशांसाठी जगाला दीर्घकाळ मिळाला तो नव्वद मीटरचा. आता तीस मीटरच्या एका चौकोनात नऊशे चौरस मीटर जागा येते. जुन्या बगदादच्या मोहल्ल्यात एवढ्या जागेत अनेक घरे, त्यांची अंगणे आणि मधून जाणारी गल्ली मावते. या सर्वांच्या वाट्याला उंचीचा एकच अंक, आणि तोही रडारने छपरे व जमीन यांची सरमिसळ करून दिलेला. त्यात शनाशील, म्हणजे वरच्या मजल्यावरून गल्लीवर झुकलेले लाकडी सज्जे. दोन्ही बाजूंचे सज्जे इतके जवळ येतात की वरून पाहणाऱ्या उपग्रहाला गल्लीची जमीन दिसतच नाही.

लष्करी नियोजकाला मात्र नेमकी तीच हवी असते. समजा, गल्ली तीन मीटर रुंद आहे आणि दोन्ही बाजूंची घरे नऊ मीटर उंच. छपराच्या कडेला ओणवा झालेला माणूस गल्लीची सारी जमीन पाहू शकतो. तोच माणूस कडेपासून तीन मीटर मागे सरला आणि त्याचे डोळे छपरापासून दीड मीटरवर असले, तर त्याची दृष्टिरेषा कडेला स्पर्श करून समोरच्या भिंतीला जमिनीपासून साडेसात मीटरवर टेकते. त्याखालचे त्याला काहीही दिसत नाही. दोन-तीन पावलांनी सारे बदलते. अशी हजारो छपरे आणि लाखो दृष्टिरेषा तपासायच्या, तर इमारतीची उंची अर्ध्या-एक मीटरपर्यंत माहीत पाहिजे. म्हणून 1990 च्या दशकात अमेरिकी सैन्याच्या व्हर्जिनियातील स्थलाकृतिक अभियांत्रिकी केंद्राने शहरांसाठी स्वतंत्र नियोजन-साधन तयार केले. त्यात इमारतींच्या उंचीचे गट, रस्ते, तारा व मनोऱ्यांसारखे हवाई अडथळे आणि महत्त्वाच्या वास्तू यांचे थर एकावर एक ठेवता येत. इराक युद्धात 2004 नंतर त्याच केंद्राने विमाने व हेलिकॉप्टरांतून लेसर किरणांनी शहरांची उंची मोजण्याची व्यवस्था केली. रस्त्यांच्या जाळ्यावर सर्वांत सोयीची वाट शोधण्याचे गणित तर डच शास्त्रज्ञ डाइक्स्ट्रा यांनी 1959 सालीच प्रसिद्ध केले होते. त्यात फक्त अंतराऐवजी रुंदी आणि वळण घालायचे. साडेतीन मीटरहून रुंद असलेल्या रणगाड्याला तीन मीटरची गल्ली भिंतच असते.

दोन चुका

या साधनांच्या इतिहासात दोन घटना एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत.

पहिली बेलग्रेडची. 7 मे 1999 च्या रात्री अमेरिकी विमानाने टाकलेले पाच बॉम्ब चिनी वकिलातीवर पडले आणि तीन चिनी पत्रकार मारले गेले. अमेरिकेने दिलेल्या खुलाशानुसार लक्ष्य होते युगोस्लाव्हियाच्या लष्करी पुरवठ्याचे कार्यालय. त्याचा पत्ता माहीत होता, जागा नव्हती. तेव्हा शेजारच्या समांतर रस्त्यावरील घरांचे क्रमांक पाहून, त्या अंदाजाने या रस्त्यावरचा क्रमांक कोठे येईल हे ठरवण्यात आले. ही रीत पायी चालणाऱ्या शिपायाला वाट शोधायला शिकवतात ती. बॉम्ब टाकण्याची नव्हे. खरे कार्यालय सुमारे तीनशे मीटर दूर होते. वकिलात 1996 साली नव्या जागी गेली होती, पण लक्ष्ये तपासण्याच्या याद्यांत ती जुन्याच पत्त्यावर राहिली. चीनने हा खुलासा मान्य केला नाही.

दुसरी घटना आधीची, 13 फेब्रुवारी 1991 ची, बगदादच्या आमिरिया भागातली. तेथील आश्रयगृहावर दोन बॉम्ब लेसरच्या साहाय्याने अचूक टाकण्यात आले. इमारत तीच होती जी पाडायची होती. अक्षांश-रेखांशात चूक नव्हती. अमेरिकेच्या मते ते लष्करी संपर्ककेंद्र होते. आत रात्रीच्या निवाऱ्याला आलेली कुटुंबे होती, मुख्यतः बायका आणि मुले. चारशेहून अधिक माणसे गेली.

बेलग्रेडनंतर साधनांत पुष्कळ सुधारणा झाल्या. याद्या जोडल्या गेल्या, दूतावास, रुग्णालये, प्रार्थनास्थळे यांचे वेगळे थर झाले. आमिरियाची चूक मात्र त्या जातीची नव्हती. ती कोणत्याही चौकोनाच्या आकाराने सुधारणारी नव्हती. तरीही लष्करी साहित्यात 'अचूकता' हा एकच शब्द दोन्हींसाठी वापरला जातो, हे खटकल्यावाचून राहत नाही.

फलूजा ते मोसूल

नोव्हेंबर 2004 मध्ये फलूजावर दुसरी चढाई झाली. मशिदींचे शहर म्हणून इराकात ओळखले जाणारे हे गाव उपग्रहाच्या प्रतिमेवर ठोकळ्यांत विभागले गेले आणि ठोकळ्यांतील इमारतींना क्रमांक देण्यात आले, म्हणजे पायदळ, तोफखाना आणि वैमानिक एकाच घराबद्दल बोलताना एकच आकडा उच्चारतील. पुढे सरकण्याच्या रेषांना बायकांची इंग्रजी नावे होती. बगदादसारख्या शहरांत मोहल्ल्याचा, 'झुकाक' म्हणजे गल्लीचा आणि 'दार' म्हणजे घराचा क्रमांक सांगून टपालाचा पत्ता सांगण्याची इराकी पद्धत आहेच. फौजेने तीवर आपली दुसरी पद्धत चढवली. लोकांचा पत्ता एक आणि फौजेचा पत्ता दुसरा. 

नकाशात माणूस नाही, ही उणीव अमेरिकी सैन्याला जाणवली नाही असे नव्हे. 2007 पासून मानवशास्त्रज्ञांना तुकड्यांबरोबर पाठवून समाज, नाती, टोळ्या यांची माहिती नकाशावर आणण्याचा उपक्रम चालला. अमेरिकेच्या मानवशास्त्र संघटनेच्या कार्यकारिणीने त्याच वर्षी त्याला विरोध नोंदवला. ज्यांच्याकडून माहिती घेतली त्यांचे त्या माहितीने अहित होऊ नये, हे या विद्येचे पहिले बंधन तेथे पाळता येणार नाही, असा आक्षेप होता. 2014 मध्ये उपक्रम बंद झाला. अल्जीयर्सची कार्डे आठवली म्हणजे हा आक्षेप किती साधार होता ते ध्यानात येते.

बगदादमध्ये 2006 नंतर यादवी भडकली तेव्हा शिया-सुन्नी वस्तीचे रंगीत नकाशे सर्वत्र दिसू लागले. संमिश्र मोहल्ल्यांना वेगळा रंग असे आणि तो रंग दर वर्षी आक्रसत गेला. एप्रिल 2007 मध्ये अमेरिकी फौजेने आझमिया भागाभोवती सुमारे पाच किलोमीटरची काँक्रीटची भिंत उभारण्यास आरंभ केला. आझमिया म्हणजे इमाम आझम अबू हनीफा यांच्या दर्ग्याचा परिसर. सुलेमानने बगदाद घेतल्यावर ज्या दर्ग्याचा जीर्णोद्धार केला तोच हा. रहिवाशांनी मोर्चे काढले, पंतप्रधान मालिकी यांनीही जाहीर विरोध केला, भिंत झालीच. नेपियर यांनी मोहल्ले उघडण्यासाठी शहर फाडले होते, येथे मोहल्ला बंद करून शहर सांभाळायचे होते. दोन्ही वेळी रेष आधी कागदावर पडली.

हैदराबादेत 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर लेनर्ड मन यांच्या देखरेखीखाली शहराचा जो तपशीलवार नकाशा झाला, त्यातही घर, गल्ली, विहीर टिपलेली आहे. त्याचा उपयोग गटारे, रस्ते आणि पाणीपुरवठा यांच्यासाठी व्हायचा होता, आणि आज जुन्या हैदराबादचा अभ्यास करणारे त्याच नकाशाकडे वळतात. तपशील वाईट नसतो. भारतातही मोठ्या प्रमाणाच्या नकाशांवरील निर्बंध 2005 च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने, आणि त्याहून बरेच 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी सैल झाले, ते नगररचना आणि सेवांसाठीही.

मोसूलची लढाई ऑक्टोबर 2016 ते जुलै 2017 अशी नऊ महिने चालली. तोपर्यंत साधने नसूहच्या, नेपियर यांच्या, किंबहुना फलूजाच्याही काळात कल्पना करता आली नसती इतकी प्रगत झाली होती. 17 मार्च 2017 रोजी पश्चिम मोसूलमधील जदीदा भागात एका छपरावर दोन नेमबाज होते. त्यांच्यावर अडीचशे किलोच्या आसपासचा एक बॉम्ब टाकण्यात आला. तो नेमका त्याच छपरावर पडला. सारी इमारत कोसळली. अमेरिकी चौकशीचा निष्कर्ष मे महिन्यात जाहीर झाला. घरात शत्रूने स्फोटके ठेवली होती, त्यामुळे इमारत पडली, असे त्यात म्हटले होते; स्थानिकांपैकी अनेकांनी ते नाकारले. खालच्या मजल्यांवर लोक आसऱ्याला आहेत याची नियोजकांना कल्पना नव्हती, हेही अहवालाने मान्य केले. त्या घरात 101 आणि शेजारच्या घरात 4 नागरिक मृत्यू पावल्याची नोंद झाली. आणखी 36 जण त्या वेळी तेथे होते असे सांगितले जात होते. त्यांचे काय झाले हे चौकशीला ठरवता आले नाही.